पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी

"त्या खालच्या ओळींत सरकारने काहीतरी गुप्त लिहून ठेवलंय ना?" हर्णैच्या एका झेरॉक्सच्या दुकानात एका काकांनी मला विचारलं. मुलगा कुवेतला निघाला होता, त्याचा पासपोर्ट त्यांच्या हातात होता. आमच्या बाजूला आखातात किंवा जहाजावर कुणीच नाही असं घर शोधावं लागतं, तरीही ही समजूत मी कितीदा तरी ऐकली आहे. गुप्त काही नाही. वर जे छापलंय त्यातलंच बरंचसं खाली यंत्रासाठी पुन्हा लिहिलेलं असतं.

ओळी दोन, प्रत्येकीत बरोबर ४४ घरं, म्हणजे एकेका अक्षराच्या किंवा अंकाच्या जागा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात ती ठरवून दिली आहेत. त्याची पहिली आवृत्ती १९८० ची. दुसऱ्या ओळीत पहिली ९ घरं पासपोर्ट क्रमांकाची. आपला क्रमांक आठच अक्षरांचा, म्हणून नवव्या घरात < ही खूण भरतात. १४ ते १९ या घरांत जन्मतारीख, २२ ते २७ मध्ये मुदत. प्रोग्रामला जन्मतारीख शोधत बसावं लागत नाही. चौदाव्या घरापासून सहा अंक उचलले की काम झालं.

पहिल्या ओळीत नाव. आडनाव संपलं की दोन खुणा <<, दोन शब्दांच्या मधे एक. 'खान देशमुख' हे दोन शब्दी आडनाव म्हणूनच फुटत नाही: आधी जोडखुणेवर तोडायचं, मग एकेरीवर.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. जन्मतारखेनंतर विसाव्या घरात एक एकटा अंक असतो, तपासणी अंक. समजा तारीख १४ ऑगस्ट १९८५, म्हणजे ८५०८१४. अंकांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणा: ५६, १५, ०, ५६, ३, ४. बेरीज १३४. दहाने भागून बाकी ४. विसाव्या घरात ४ असलाच पाहिजे. फोटो अंधूक आला आणि यंत्राने पहिला ८ चा ३ वाचला, तर बेरीज ९९, बाकी ९. चोरी पकडली!

७, ३, १ च का? यांतल्या कुणालाच २ ने किंवा ५ ने भाग जात नाही, म्हणून एक अंक चुकला की बाकी बदलतेच. गुणक ५ असता तर २ चा ४ झालेला कळलाच नसता. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही बहुतेकदा सापडते. निसटते ती फक्त त्या दोघांत ५ चा फरक असेल तेव्हा, कारण गुणकांमधले फरक ४, २, ६ असे सगळे सम आहेत आणि समसंख्येला ५ ने गुणलं की दहाची पट येते. वरच्याच तारखेत ५ आणि ० उलटे करा: ८०५८१४. बेरीज १२४, बाकी पुन्हा ४. पण महिना ५८ वा! तो कॅलेंडरच्या साध्या तपासणीत अडकतो. क्रमांकातल्या अक्षरांनाही किंमत आहे, ए म्हणजे १०, झेड म्हणजे ३५, आणि < म्हणजे शून्य.

फोटो एआयला दिला की सगळं आपोआप होतं, असं हल्ली सर्रास सांगतात. वाचायला त्याची मदत जरूर घ्यावी, पण वाचलेलं बरोबर आहे याची खात्री ही शाळकरी बेरीजच देते. अंकांचं खरं सामर्थ्य हे आहे. अंकशास्त्रवाल्याच्या सांगण्यावरून नावात जादा 'ए' घालून घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं नाव झालं की हेलपाटे तुम्हालाच घालावे लागतात.

दुकानातल्या पोराला मी फोटोतल्या ओळींवर हीच बेरीज करून बघणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला. अंक जुळला नाही की ते घर लाल होतं, आणि काम झालं की फोटो पुसला जातो. काकांच्या मुलाची दुसरी ओळ पहिल्याच झटक्यात जुळली. नावाच्या ओळीला मात्र तपासणी अंक नसतोच. म्हणून काकांनी चष्मा लावला, पासपोर्ट स्क्रीनशेजारी धरला आणि मुलाचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचून काढलं.