स्वमग्नता आणि बोलणं-हातवाऱ्यांची सांगड

बोलताना आपले हात हलतात आणि ऐकणाऱ्याचा मेंदू शब्द आणि हातवारे मिळून एकच अर्थ लावतो. ‘जिना असा वळतो’ म्हणताना बोट गोल फिरतं, आता ‘असा’ म्हणजे कसा हे शब्दांत कुठेच नसतं, ते फक्त हातात असतं. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असलेल्या माणसांत ही सांगड वेगळी बसते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. नाट्यशास्त्रात आंगिक आणि वाचिक अभिनय वेगळे सांगितलेत, पण रोजच्या बोलण्यात मेंदू ते वेगळे ठेवत नाही.

हातवाऱ्यांचे प्रकार साधारणपणे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकनीलच्या वर्गीकरणाने सांगतात: आकार दाखवणारे, अमूर्त कल्पना मांडणारे, बोट दाखवणारे, आणि बोलण्याचा नुसता ठेका धरणारे. ठेक्याच्या हातवाऱ्यांना स्वतःचा अर्थ नसतो आणि नेमके म्हणूनच ते मेंदूच्या अभ्यासाला सोयीचे पडतात.

स्वमग्नतेचं सुरुवातीचं वर्णन करणाऱ्यांपैकी एक डॉक्टर, हान्स आस्पर्गर, याने 1944 मध्येच स्वमग्न मुलांच्या हावभावांच्या तुटपुंजेपणाबद्दल लिहिलं होतं. 2013 च्या डीएसएम-5 मध्येही (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) निदानाच्या निकषांत बोलणं आणि देहबोली यांचा नीट मेळ नसणं आलेलं आहे. मग हातवारे कमी असतात की फक्त मेळ बसत नाही, हा खरा वादाचा मुद्दा. लहान वयात, काहीतरी दाखवायला म्हणून बोट करणं (‘बघ, विमान!’) कमी असतं, याबद्दल फारसा वाद नाही. पण डी मार्चेना आणि आइग्स्टी यांच्या 2010 च्या अभ्यासात स्वमग्न आणि इतर किशोरवयीन मुलांना गोष्ट सांगायला लावली तेव्हा हातवाऱ्यांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली, फरक होता तो वेळेचा, म्हणजे हात आणि शब्द तितके जुळून येत नव्हते, आणि जिथे जास्त जुळत होते तिथे गोष्टही ऐकणाऱ्यांना जास्त चांगली वाटली. ‘हातवारे कमी’ या जुन्या समजापेक्षा हे निरीक्षण जास्त नेमकं वाटतं.

ऐकण्याच्या बाजूने बघितलं तर त्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी नजरेचा माग घेऊन प्रयोग केला. आकाराचं वर्णन ऐकताना सोबत हातवारे असले की इतर मुलांना उत्तर लवकर सापडायचं आणि स्वमग्न मुलांना मात्र उलट उशीर व्हायचा. म्हणजे जी मदत समजून आपण हात हलवतो तीच इथे ओझं ठरत होती, घरच्यांनी आणि शिक्षकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मेंदूत हे काम मुख्यतः कानशिलामागच्या वरच्या टेम्पोरल भागात आणि डाव्या पुढच्या भाषेच्या भागात चालतं. हबर्ड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कधी जास्त काम करतो ते दाखवणारं स्कॅन) करून ठेक्याचे हातवारे तपासले. इतर मुलांत हातवाऱ्यांसोबतचं बोलणं ऐकताना उजवा वरचा टेम्पोरल भाग जास्त चालला, स्वमग्न मुलांत ती वाढ दिसली नाही, वाढ दिसली ती फक्त दृष्टीच्या भागात. हात डोळ्यांना दिसतोय पण ऐकण्यात मिसळत नाहीये, असा त्याचा अर्थ लावता येतो.

कारणाबद्दल दोन मतं आहेत. एक आरसा-चेतापेशींचं, म्हणजे स्वतः कृती करताना आणि दुसऱ्याला ती करताना बघतानाही चालणाऱ्या पेशी स्वमग्नतेत कमी काम करतात असं; 2006 मध्ये डाप्रेट्टो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने त्याला जोर मिळाला, पण नंतरच्या निष्कर्षांत एकवाक्यता राहिली नाही आणि आता ते तितकं भक्कम धरलं जात नाही. दुसरं वेळेच्या खिडकीचं: दोन इंद्रियांकडून आलेल्या गोष्टी किती अंतरापर्यंत ‘एकाच वेळच्या’ धरायच्या याची मेंदूत एक मर्यादा असते, आणि स्टीव्हनसन आणि सहकाऱ्यांना 2014 मध्ये स्वमग्न मुलांत बोलण्यापुरती ती जास्त रुंद आढळली. हा प्रयोग ओठ आणि आवाजाचा होता, हातवाऱ्यांचा नव्हे, तेव्हा जपूनच लागू करावा, तरी वर सांगितलेल्या वेळेच्या निरीक्षणाशी हे मत जास्त जुळतं.

यातले अभ्यास मुख्यतः नीट बोलू शकणाऱ्या मुलांवर झालेत, न बोलणाऱ्यांना हे निष्कर्ष सरळ लावता येत नाहीत.