दगडाखालची चिठ्ठी

अजब बंगल्यात पाऊल टाकलं की पोरं आधी पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे धावतात. माझी नऊ वर्षांची भाचीही तशीच धावली. "मावशी, हा खराच होता का?" कातडं खरं, डोळे काचेचे, आतला आकार माणसानं घडवलेला, एवढं सांगेपर्यंत ती पुढच्या कपाटाशी पोचली होती. तिला मी थोडं घाईनंच दगडांकडे नेलं. नागपूरच्या या मध्यवर्ती संग्रहालयात माझा जीव अडकतो तो तिथे.

दगडांपुढे सहसा कोणी थांबत नाही. रंग मळकट, आकार ओबडधोबड. पण संग्रहालयात दगडाइतकीच त्याच्या खालची चिठ्ठी वाचायची असते. काय आहे, कुठे सापडलं, कधी सापडलं. नागपूरकरानं तर ती वाचावीच, कारण इथल्या जीवाश्मांवरच्या जुन्या लेखनात जी गावं येतात ती आपल्या येण्याजाण्यातली आहेत: टाकळी, कामठी, सिलेवाडा, बर्डीची टेकडी.

ही गावं विज्ञानात आली ती मुख्यतः दोघांमुळे. स्टीफन हिस्लॉप म्हटलं की आपल्याला कॉलेज आठवतं. ज्यांच्या नावानं ते आहे ते हिस्लॉप मिशनरी होते, १८४५ च्या सुमारास नागपुरात आले आणि धर्मकार्याइतक्याच निष्ठेनं इथले दगड बघत राहिले. सोबत रॉबर्ट हंटर. नागपूरच्या परिसरातल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर दोघांचा लेख लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आला. शहराच्या वायव्येला, टाकळीजवळ, त्यांना लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा थर मिळाला होता आणि त्यात गोगलगायींचे शंख होते.

त्यातला एक शंख माझ्या घरी आहे. माझ्या सरांनी दिलेला. करड्या, गारेसारख्या कठीण दगडात रुतलेला, बोटाच्या पेराएवढा. मूळ कवच केव्हाच गेलं, त्याची जागा सिलिकानं घेतली, म्हणून नखानं वाजवला तर काचेसारखा टणक आवाज येतो. याला फायसा प्रिन्सेपी म्हणत आले आहेत. संग्रहालयातून परतल्यावर भाचीनं कुंडीमागून एका मेलेल्या गोगलगायीचं कवच आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवले. टोक वर, तोंड आपल्याकडे. थोडा वेळ बघून म्हणाली, "मावशी, हा उलटा काहून आहे?"

तिनं बरोबर पकडलं होतं. कुंडीतल्या गोगलगायीचं तोंड उजवीकडे उघडतं, दगडातलीचं डावीकडे. जगातल्या बहुतेक शंखांचे वेढे उजवे असतात, फायसाच्या कुळात मात्र डावा वेढा हाच नियम. त्यामुळे शंख अर्धा फुटलेला असला तरी तोंडाची बाजू दिसली की ओळखीला मोठा आधार मिळतो. (देवघरातला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंखही शास्त्राच्या भाषेत डावाच. आपण शंख टोक खाली करून धरतो, शास्त्रज्ञ टोक वर करून. एवढाच फरक.)

आता हे कूळ कुठे राहतं ते बघा. गोड्या, संथ पाण्यात, आणि श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतं. म्हणजे टाकळीत तळं होतं. खाली लाव्हा, वर लाव्हा, मध्ये तळं. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आज उरलेलाच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. पण तो एका दमात आलेला नाही. एक थर निवला, खोलगटात पावसाचं पाणी साठलं, गाळ बसला, पाणवनस्पती उगवल्या, गोगलगायींच्या पिढ्यामागून पिढ्या जगल्या, आणि मग पुढचा थर आला. बर्डीच्या टेकडीतही लाव्हाच्या दोन थरांमध्ये असाच गाळ आहे. ज्वालामुखीच्या त्या काळाला मधे मधे शांत वर्षं होती हे आपल्याला पेराएवढ्या शंखावरून कळतं. मला याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

डायनोसॉर बघायला मुलं रमण विज्ञान केंद्रात जातात, गांधीसागरजवळ. तिथले पुतळे मुलांना आवडतात, आवडावेतच. पण त्यांना पिजदुऱ्याचीही गोष्ट सांगा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला हे गाव आहे. तिथे हाडांबरोबर डायनोसॉरची विष्ठा मिळते, दगड झालेली. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. गवताचं पातं ओढताना बोट कापतं ना, ते त्यातल्या सिलिकामुळे. गवताच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात, प्रत्येक गटाचे वेगळ्या घडणीचे. पातं कुजलं, पचलं तरी कण टिकतात. पिजदुऱ्याच्या विष्ठेत ते मिळाले. तोवर समज असा होता की गवतं पसरली ती डायनोसॉर संपल्यानंतर. २००५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि ती समजूत मोडली. गवतं तेव्हाच होती, एकापेक्षा जास्त प्रकारची होती, त्यांतली काही धान-बांबूच्या गोतावळ्यातली. आणि लांब मानेचे डायनोसॉर ती खात होते. जिथे आज धानाच्या बांध्या आहेत त्या विदर्भातच हे निघावं, हे मला फार जवळचं वाटतं.

कामठीची गोष्ट याहून पुष्कळ जुनी, २५ कोटी वर्षांपलीकडची. तिथल्या वालुकाश्माच्या थरांना जगाच्या भूशास्त्रात 'कामठी' असंच म्हणतात. त्यात ग्लॉसोप्टेरिसची पानं उमटलेली आहेत: जिभेसारखी लांबट, मधोमध शीर, दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. आपल्या दगडी कोळशात या झाडांचा मोठा वाटा आहे. हीच पानं दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार मरण पावले, त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते. त्यांतही ग्लॉसोप्टेरिस होतं. समुद्र ओलांडून न जाणारं झाड एवढ्या ठिकाणी कसं? कारण ही सगळी भूमी तेव्हा एकच होती. त्या भूमीला जग गोंडवन म्हणतं, आणि ते नाव आलं आपल्या गोंडांच्या मुलखावरून. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शहा गोंड राजाच होता.

१८६३ मध्ये रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त असताना हे संग्रहालय उभं राहिलं. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला हिस्लॉप गेले. टाकळघाटची शिलावर्तुळं बघून परतताना पुराच्या नाल्यात बुडाले. त्यांचे गोंडांविषयीचे कागद पुढे टेंपलनीच संपादित करून छापले.

सरांनी दिलेल्या शंखाच्या डबीत शाईनं लिहिलेला कागद आहे: टाकळी, नागपूर. त्याच फळीवर पानाचा ठसा असलेला दुसरा दगड आहे, त्याहून देखणा. शाळेत असताना सहलीत मी तो उचलला, कुठे ते लिहून ठेवलं नाही. पुढे एका भूशास्त्रज्ञाला दाखवला. त्यांनी उलटापालटा करून विचारलं, "कुठला?" मला सांगता आलं नाही. त्यांनी तो हळूच परत माझ्या हातात ठेवला. तो कुठल्या थरातला, त्याच्या खाली काय होतं, वर काय होतं, हे आता कधीच कळणार नाही.

हे सगळं भाचीला सांगितलं. संध्याकाळी तिनं गोगलगायीचं कवच काडेपेटीत ठेवलं आणि वहीचा कागद फाडून लिहिलं: "गोगलगाय. उजवी. मावशीच्या घरी, कुंडीच्या मागे." तारीख राहिली होती, ती मी घालायला लावली.