व्हॅलेन्सियाला निघण्यापूर्वी : आमच्या सहलीच्या मंडळींसाठी माहितीपत्रक

व्हिसा, विमा आणि बॅगेचं वजन यांचं पत्रक तुम्हाला आधीच पाठवलं आहे. हे पत्रक व्हॅलेन्सियात उतरल्यानंतरचं. गेल्या सहलींत आपल्या मंडळींची जी काही गैरसोय झाली, ती बहुतेक वेळा घड्याळामुळे झाली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हे शहर दुपारी दोन ते चार जेवतं आणि रात्री नऊनंतर. मधल्या वेळात पुष्कळ हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद असतात. छोटी दुकानं दोनच्या सुमारास शटर ओढतात, ती पाचला उघडतात. रविवारी बहुतेक बंदच. ज्यांची गोळी जेवणाच्या वेळेला बांधलेली आहे त्यांनी खाकरा, चिक्की असं काही पर्समध्ये ठेवा. साडेबाराला जेवण मिळवून द्या, असा आग्रह आमच्या सहल-व्यवस्थापकाकडे धरू नका. तो काही करू शकत नाही.

पहिली सकाळ मध्यवर्ती मंडईत, म्हणजे मेर्कादो सेंत्रालमध्ये. लोखंड, काच आणि रंगीत फरशांची ही इमारत १९२८ साली सुरू झाली. सोमवार ते शनिवार, साडेसात ते तीन. आपण नऊलाच जातो, कारण नंतर गर्दी होते. इथे फळ चाचपून बघायची पद्धत नाही, विक्रेता स्वतः निवडून देतो. रांगही दिसत नाही. आलेला माणूस ‘एल उल्तिमो?’ म्हणजे ‘शेवटचं कोण?’ असं विचारतो आणि ज्यानं हात वर केला त्याच्यामागे आपला नंबर धरतो. तुम्हीही विचारा, सगळे हसून सांगतात. मासळीचा भाग वेगळा आहे, वास सहन न होणाऱ्यांनी तिकडे वळू नये.

समोरच लोंखा दे ला सेदा, रेशमाच्या व्यापाऱ्यांचा जुना बाजार. बांधकाम १४८२ मध्ये सुरू झालं, १९९६ पासून जागतिक वारसा यादीत. पिळलेल्या दोरासारखे खांब बघून झाले की मान वर करा. भिंतीवर लॅटिन ओळ फिरवली आहे. जो व्यापारी बोलण्यात फसवत नाही आणि व्याजाने पैसे लावत नाही, त्याला संपत्तीही मिळेल आणि स्वर्गही, असा तिचा मतलब. आमच्या सराफ ग्राहकांना ती आवर्जून दाखवतो.

आता पाएया, जिला आपण पाएला म्हणतो. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेराचं तळं आहे, त्याच्या काठच्या भातखाचरांतला हा भाताचा पदार्थ. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी आणि ससा असतो, हिरव्या शेंगा असतात आणि गारोफो नावाचा मोठा पांढरा दाणा, आपल्या पावट्याचा थोरला भाऊ म्हणा. कधी गोगलगायीही असतात. कोळंबी-शिंपल्यांची पाएया वेगळी. बुडाशी लागलेली खरपूस खरवड, तिला सोकारात म्हणतात, तिच्यावर सगळ्यांचा डोळा. घरगुती पंगतीत पातेलं मधोमध ठेवतात आणि प्रत्येकजण आपल्यासमोरच्या त्रिकोणातूनच चमच्याने खातो. दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही.

ही दुपारीच खायची. एका सहलीत चौघांनी रात्री दहाला फिरताना फोटोंचा मोठा फलक लावलेल्या ठिकाणी पाएया मागवली. सात मिनिटांत आली, पिवळीजर्द आणि मधोमध गार. चांगली पाएया ताजी रांधायला अर्धा तास तरी लागतो आणि शक्यतो दोघांना मिळूनच देतात. सात मिनिटांत येणाऱ्या पाएयाचे पैसे देऊ नका.

शाकाहारी मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचा. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, पण तिथे हॅम आणि ट्यूना पुष्कळांच्या लेखी त्यात येतच नाही. म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ असं पूर्ण म्हणा. भाज्यांच्या पाएयाचा भातही कशाच्या पाण्यात (स्टॉकमध्ये) शिजवला आहे ते आम्ही विचारून देतो.

ओर्चाता मात्र सगळ्यांना चालते. दुधासारखी दिसते, पण दूध नाही. चुफाचे छोटे कंद, पाणी आणि साखर. चुफा म्हणजे आपल्या शेतात उच्छाद मांडणाऱ्या लव्हाळ्याच्या, नागरमोथ्याच्या कुळातलं झाड. आपण उपटून बांधावर फेकतो त्याच्या भावकीचं इथे पीक घेतात. मेट्रोने आल्बोरायाला जाऊन थंडगार पिऊ. सोबतचे लांबट गोड पाव, फार्तोन्स, यांत अंडं असतं. ‘आग्वा दे व्हॅलेन्सिया’ नावाचं ‘पाणी’ मात्र मागवताना जपून. त्यात संत्र्याचा रस, काव्हा (फेसाळ स्पॅनिश वाइन), जिन आणि व्होडका आहे.

गुरुवार आपण मुद्दाम शहरात ठेवतो. दुपारी बाराला कॅथीड्रलच्या दाराशी पाणी न्यायालय बसतं. हुएर्ता म्हणजे शहराभोवतीचा बागायती पट्टा, तिथल्या शेतांना पाणी देणाऱ्या कालव्यांच्या शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच काळे झगे घालून येतात, तक्रार तोंडी ऐकतात, निकालही तिथेच. आपल्याकडे धुळे-नाशिकची पाटाचं पाणी वाटून घेण्याची फड पद्धत पाहिलेल्यांना हे लगेच समजेल. तक्रार नसेल तर सगळं पाच मिनिटांत उरकतं, तेव्हा उशीर करू नका. शेजारचा मिगेलेते मनोरा २०७ पायऱ्यांचा, गोल जिना. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच कॉफी घ्यावी.

१९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली. तिच्याच टोकाला वास्तुविशारद कालात्रावांनी उभारलेलं कला आणि विज्ञान नगर आहे. तिथे चालणं भरपूर आहे, सावली कमी.

खरेदीत केशर काड्यांचंच घ्या, बंद डबीत. पिवळी पूड स्वस्त असते, पण तो नुसता रंग. हातपंखे आणि जवळच्या मानिसेस गावची मातीची भांडी छान. पाएयाचं पातेलं घेणार असाल तर तीस सेंटिमीटरच्या आतलं घ्या. आपल्या गॅसच्या शेगडीवर मोठ्याच्या कडा तापत नाहीत, आणि धुतल्यावर लोखंडी तव्यासारखं पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. कर परतावा हवा असेल तर दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा आणि विमानतळावर बॅग सोडण्याआधी यंत्रावर स्कॅन करा. स्पेनमध्ये किमान खरेदीची अट नाही.

मार्चच्या बॅचसाठी वेगळी सूचना. फायास उत्सव आहे. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता असते. भर उन्हात लाखभर फटाक्यांची माळ एका तालात वाजावी तशी. बघायचं फारसं काही नसतं, नुसती पायाखालची जमीन थरथरते. १९ च्या रात्री चौकाचौकातले भव्य पुतळे जाळतात, रस्ते पहाटेपर्यंत बंद. त्या रात्री हॉटेलवर चालतच परतायचं आहे. कानात घालायचे बोळे आणि सपाट तळव्याचे बूट बॅगेत आहेत ना, ते आजच पाहून ठेवा.