पार्टिकल बोर्डाच्या मांडणीचे स्क्रू

पार्टिकल बोर्डाच्या मांडणीचे स्क्रू : लाकडाच्या कपच्या व चुरा कृत्रिम रेझिनमध्ये मिसळून उष्णता व दाबाखाली बनविलेल्या फळ्या मांडणीत (कप्प्यांच्या रॅकमध्ये) एकमेकींना काटकोनात जोडण्यासाठी वापरले जाणारे स्क्रू. घन लाकडात आटे लांबलचक तंतूंमध्ये रुततात. पार्टिकल बोर्डात असे अखंड तंतू नसल्यामुळे स्क्रूची पकड फळीची घनता, आट्यांची आत गेलेली लांबी आणि आधी पाडलेले भोक यांवर अवलंबून असते.

या फळीच्या उगमाविषयी एकमत नाही. लाकडाचा भुसा व रक्तातील अल्ब्युमिन यांपासून कृत्रिम लाकूड करण्याची कल्पना एर्न्स्ट हबर्ड यांनी १८८७ मध्ये मांडली होती, म्हणून काही लेखक तेथूनच इतिहास सुरू करतात. मात्र ती कल्पना होती, उद्योग नव्हे. माक्स हिमेलहेबर या जर्मन अभियंत्याचे पेटंट १९३२ च्या सुमाराचे असून ब्रेमेन येथील कारखान्यातील उत्पादन साधारणतः १९४१ पासूनचे मानतात. श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. स्वित्झर्लंडचे फ्रेड फाहर्नी यांचे नाव १९४० च्या दशकातील तीन थरांच्या फळीशी जोडले जाते. स्क्रूच्या दृष्टीने हाच टप्पा महत्त्वाचा ठरतो, कारण अशा फळीचे बाहेरचे थर बारीक कणांचे व दाट, तर मधला थर भरड व विरळ असतो. मांडणीच्या उभ्या बाजूतून आडव्या कप्प्यात मारलेला स्क्रू कप्प्याच्या कडेत शिरतो आणि नेमका या विरळ थरात जाऊन बसतो.

अमेरिकेच्या वनोत्पादन प्रयोगशाळेने दिलेल्या सूत्रानुसार स्क्रू सरळ उपटून काढण्यास लागणारे बल व्यासाच्या वर्गमुळाच्या, आत गेलेल्या आट्यांच्या लांबीतून व्यासाचा एक-तृतीयांश वजा करून उरलेल्या संख्येच्या सव्वाव्या घाताच्या आणि फळीच्या विशिष्ट गुरुत्वाच्या (पाण्याच्या तुलनेतील घनतेच्या) वर्गाच्या प्रमाणात असते. गुणक पृष्ठभागासाठी ४१.१ व कडेसाठी ३१.८ (मेट्रिक एककांत) आहे. म्हणजे बाकी सारे तेच ठेवले तरी कडेची पकड सुमारे २३ टक्क्यांनी कमी भरते. उदाहरणार्थ, १८ मिमी जाडीच्या बाजूतून ४० मिमी लांबीचा व ४ मिमी व्यासाचा स्क्रू मारल्यास कप्प्यात २२ मिमी शिरतो, ५० मिमीचा ३२ मिमी शिरतो. एवढ्याने सूत्रातील बल सुमारे ६४ टक्क्यांनी वाढते. उलट, ५० मिमी लांबी कायम ठेवून व्यास ४ ऐवजी ५ मिमी केल्यास वाढ जेमतेम १० टक्के. फळीचे विशिष्ट गुरुत्व ०.६ ऐवजी ०.७ असेल तर ३६ टक्के. दणकट म्हणजे जाड हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो. जाड स्क्रू कडेला फुगवटा आणून थर उकलतो, हा तोटा तर सूत्रात येतच नाही.

हे सूत्र सरळ ओढीपुरते आहे, हेही खरे. भरलेल्या कप्प्याचा भार स्क्रूवर प्रामुख्याने आडवा, कातरणीचा पडतो. कप्पा मधे वाकू लागला की त्याचे टोक किंचित फिरते आणि वरच्या बाजूला सांधा उघडू पाहतो; तेव्हा ओढ येते. जिप्सम बोर्डासाठीचे काळे, कडक पोलादी स्क्रू येथे टाळावेत, कारण ते वाकण्याऐवजी मोडतात. निमुळत्या दांड्याचे पारंपरिक लाकडी स्क्रूही कडेत पाचरीसारखे काम करतात. समांतर दांड्याचे, खोल व विरळ आट्यांचे चिपबोर्ड (म्हणजे पार्टिकल बोर्ड) स्क्रू मानवतात.

कन्फर्मॅट नावाने ओळखला जाणारा जोडस्क्रू हा वादाचा विषय आहे. त्याचा व्यास सामान्यतः ७ मिमी व लांबी ५० मिमी असते. १८ मिमीच्या कडेत तो वरील विवेचनाशी विसंगत वाटतो. पण त्याचे आटे बोथट टोकापासून सुरू होतात आणि कडेत आधी ५ मिमीचे भोक पाडलेले असते, त्यामुळे तो मार्ग फोडत जात नाही, फक्त आटे कापतो. बाजूच्या फळीत मानेसाठी ७ मिमीचे भोक व डोक्यासाठी खोलगट जागा लागते. ही तिन्ही कामे एकाच वेळी करणारे पायरीदार ड्रिल नसेल, तर ४ × ५० मिमीचा चिपबोर्ड स्क्रू बरा; चुकीच्या भोकातला कन्फर्मॅट त्याहून वाईट. वारंवार सोडायच्या मांडणीसाठी कॅम-फिटिंग (चकती फिरवून आवळला-सोडवला जाणारा सांधा) वेगळे.

साध्या स्क्रूसाठी भोक स्क्रूच्या गाभ्याच्या (आटे सोडून उरलेल्या दांड्याच्या) व्यासाच्या ५० ते ९० टक्के असले तरी पकडीत लक्षणीय फरक आढळत नाही. कडेत मात्र ९० टक्क्यांजवळचा आकार घेणे सुरक्षित. आवळण्याचा पीळ (टॉर्क) फळीतील आटे निकामी होण्याच्या मर्यादेच्या ६० ते ९० टक्क्यांत असावा, असे सूत्रातच गृहीत आहे. यंत्राचा क्लच (पीळ मर्यादित ठेवणारी कळ) कमी ठेवून शेवटचा फेरा हाताने दिला की डोके फळीशी सपाट येताच हाताला जाणवते. त्यापुढच्या अर्ध्या फेऱ्यात आट्यांभोवतीचा चुरा सुटतो आणि स्क्रू मोकळा फिरू लागतो. स्क्रू पुन्हा बसवताना तो आधी उलटा फिरवून, जुन्या आट्यांत टक् होऊन बसल्यावर सुलटा फिरवावा.

फळीतील आटे निकामी झाल्यास भोक मोठे करून गोंद लावलेली लाकडी खुंटी ठोकतात व सुकल्यावर तिच्यात नवे भोक पाडतात. फळी ओल्याने फुगलेली असेल तर हा उपाय टिकत नाही. तो कप्पा बदलावा लागतो.