हरलेल्या माशाने जायचं कुठे?

ऑस्कर या शोभेच्या माशाची दोन इंची पिल्लं दुकानात फार गोड दिसतात. तीन फुटी टँकमध्ये सहा सोडली तरी टँक रिकामाच वाटतो, आणि दुकानदारही ‘अजून दोन न्या’ म्हणतो. वर्षभरात तीच पिल्लं आठ-दहा इंचांची होतात. मग एक दिवस शेपटीच्या चिंध्या झालेला एक मासा फिल्टरच्या पाइपामागे तिरका उभा असलेला दिसतो. ऑस्कर ज्या कुळातला त्या सिक्लिड कुळातले मोठे मासे एकत्र किती ठेवावेत, हा प्रश्न बहुतेकांना त्या दिवशी पडतो. त्यावर उत्तर येतं ते लिटरमध्ये: इतक्या लिटरला इतके मासे. निऑन टेट्रासारख्या छोट्या माशांना हा हिशेब चालून जातो. सिक्लिडच्या बाबतीत लिटरआधी माशाचं वागणं पाहावं लागतं.

सिक्लिड कुळ आपल्याला परकं नाही. गोव्यातल्या खाड्यांत मिळणारा कालुंदर हा सिक्लिडच, आणि १९५२ साली भारतात आणलेला तिलापियाही. टँकमधले दांडगे भाऊबंद मात्र बहुतेक अमेरिका खंडातले. ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, जॅक डेम्प्सी मध्य अमेरिकेतला, मायडास आणि रेड डेव्हिल निकाराग्वाच्या तळ्यांतले. दुकानाच्या गल्ल्याशेजारी लक्ष्मी आणील म्हणून ठेवला जाणारा फ्लॉवरहॉर्न तर निसर्गात कुठेच नाही. तो माणसाने घडवलेला संकर. या सगळ्यांत एक गोष्ट समान: नर आणि मादी दोघं मिळून अंडी-पिल्लं राखतात, आणि त्यासाठी तळाचा एक तुकडा अडवून धरतात. त्यांचा तापटपणा मुख्यतः या तुकड्यासाठी असतो.

त्यांची भांडणं नीट पाहिली तर त्यात एक क्रम दिसतो. आधी दोघं बाजू दाखवत समांतर उभे राहतात, पर ताणतात, अंग होईल तेवढं मोठं करतात. मग एक जण शेपटीने पाण्याचा जोरदार झोत समोरच्याच्या अंगावर सोडतो. माशाच्या कुशीवर पाण्याची हालचाल टिपणारी संवेदनरेषा असते, त्यामुळे समोरच्याचा दम त्याला अंगावरच कळतो. त्याने भागलं नाही तर कल्ल्यांची झाकणं फुगवणं, आणि शेवटी जबड्यात जबडा अडकवून रेटारेटी. माग्नुस एन्क्विस्ट आणि ओलोफ लायमार या स्वीडिश संशोधकांनी १९८३ साली अशा झुंजींचं गणित मांडलं. प्रत्येक पायरी म्हणजे समोरच्याच्या ताकदीचा अंदाज घेणं. स्वस्त पायऱ्या आधी, महाग नंतर. दोघांत फरक मोठा असेल तर प्रकरण लवकर मिटतं, बरोबरीचे असतील तर लांबतं. पुढे १९९० साली नॅनाकारा या छोट्या दक्षिण अमेरिकी सिक्लिडवर हे तपासलं गेलं आणि अंदाज बराचसा जुळला. ‘एकाच मापाचे दोन घ्या, म्हणजे कोणी कोणाला मारणार नाही’ हा सल्ला मोठ्या सिक्लिडना उलटा पडतो, तो यामुळे.

हरलेला मासा पर मिटतो, त्याचा रंग उतरतो आणि तो निघून जातो. तळ्यात तो काही मीटर लांब गेला की विषय संपला. चार फुटी टँकमध्ये मात्र जिंकलेल्याचं राज्य या काचेपासून त्या काचेपर्यंत असतं. हरलेला ‘गेलो’ म्हणतो, पण जात नाही, कारण जायला जागाच नाही. जिंकणाऱ्याच्या लेखी तो अजून घुसखोरच, म्हणून मार चालू राहतो. सततच्या ताणाने मार खाणाऱ्याच्या अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, खाणं सुटतं, वाढ खुंटते, रोग लवकर धरतात. सकाळी मेलेला सापडतो तो पुष्कळदा जखमांनी मेलेला नसतोच.

मग जरा मोठा टँक घेतला तर? अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी मायडासच्या पिल्लांवर हेच पाहिलं आणि २०११ साली निष्कर्ष मांडले. छोट्या टाक्यांत माशांची संख्या बदलली, जागा थोडी कमी-जास्त केली, तरी मारामारीत फरक पडला नाही. ती कमी झाली ती खूप मोठ्या आणि आडोशांनी भरलेल्या जागेत. थोडक्यात, अडीच फुटांचा टँक देऊन तीन फुटांचा आणण्यात पैसे जातात, बाकी काही बदलत नाही.

याच्या नेमका उलटा उपाय आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले एमबूना नावाचे छोटे सिक्लिड पाळणारे करतात: गर्दी. चार फुटी टँकमध्ये वीस-पंचवीस एमबूना सोडले की कुठल्याच नराला सगळ्यांना हाकलणं परवडत नाही. पक्षीशास्त्रज्ञ जेरम ब्राऊन यांनी १९६४ साली पक्ष्यांच्या संदर्भात मांडलेला विचार इथे लागू पडतो: हद्द राखण्याचा खर्च फायद्यापेक्षा जास्त झाला की प्राणी ती राखणं सोडतो. पण एमबूना चार-पाच इंचांचे, आणि त्यांची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. जोडीने राखायचा वाडा तिथे नाही. ऑस्करला ही युक्ती लावायला जावं तर पाणीच हार मानतं. लांबी पाचपट झाली की वजन साधारण सव्वाशेपट होतं, म्हणजे दहा इंची एक मासा वजनाला दोन इंची सव्वाशे पिल्लांच्या बरोबरीचा. तेवढ्या माशांच्या घाणीतून सुटणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू कुठल्या फिल्टरमध्ये मावणार?

‘त्या एका दादाला काढलं की शांतता होईल’ हीही आशाच. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक रसेल फर्नाल्ड यांनी टांगानिका सरोवराच्या परिसरातल्या बर्टोनी सिक्लिडवर वर्षानुवर्षं काम केलं. वरचढ नर हटवला की खालचा नर काही मिनिटांतच रंग चढवतो, डोळ्याखाली काळी पट्टी उमटवतो आणि इतरांवर धावून जायला लागतो. २००७ साली त्यांच्याच गटाने दाखवलं, की नुसत्या बघ्या माशालाही कोणी कोणाला हरवलं यावरून सगळ्यांची उतरंड लावता येते. नवा मासा टँकमध्ये आल्या आल्या आपटी खातो, तेव्हा बाकीचे ते पाहत असतात. म्हणून नवा सोडताना दगड-लाकडं हलवून मांडणी बदलावी. जुन्यांचा ‘मी आधीपासून इथला’ हा हक्क त्याने तात्पुरता पुसला जातो.

आता आकड्यांचं. चार बाय दीड बाय दीड फूट म्हणजे सुमारे २५५ लिटर: एक ऑस्कर किंवा एक फ्लॉवरहॉर्न, बस्स. एकटा मासा बिचारा वाटतो तो आपल्याला. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे ६८० लिटरच्या आसपास: दोन ऑस्कर, तेही एकमेकांशी पटणारे. जोडी हवी असेल तर पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवावीत आणि दोघांनी अंडी घालण्यासाठी एखादा सपाट दगड साफ करायला घेतला की उरलेले त्याच दिवशी बाहेर काढावेत. दुसऱ्या दिवसावर टाकू नये. पूर्ण वाढलेला रेड डेव्हिल मात्र सहा फुटांतही एकटाच ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. वेगवेगळ्या जातींचा एकत्र संसार आठ फुटांखाली मांडूच नये, आणि मांडला तर अंगकाठी-रंग वेगळे, माप असमान आणि नजर अडेल अशी उभी लाकडं. उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ पाहावं. मासे हद्द आखतात ती तळावर.

आणि काढलेले मासे कुठे ठेवायचे, ते पिल्लं घेण्याआधीच ठरवावं. दहा इंची ऑस्कर दुकानदार सहसा परत घेत नाही, आणि जवळच्या तलावात सोडणं हा पर्याय धरू नये. फ्लोरिडाच्या कालव्यांत आज ऑस्कर मुक्तपणे वाढतात, ते माणसांनीच नेऊन सोडल्यामुळे.