वाड्यावरचा पसरा आणि जमीन-वापराचे नियम (गोवा)

चालत जाण्याच्या अंतरावर तांदूळ, डाळ, भाजी, दूध मिळत नाही अशा वस्तीत छोटे किराणा दुकान निघावे आणि टिकावे, म्हणून जमीन-वापराच्या नियमांत केली जाणारी तरतूद. गोव्यात किराणा दुकानाला पसरा आणि ते चालवणाऱ्याला पसरकार म्हणतात. वाड्यावर, म्हणजे गावातल्या छोट्या वस्तीत, पत्ता विचारला तर पाटीवरचे नाव फारसे कोणी सांगत नाही, पसरकाराचे सांगतात. दुकान आणि माणूस यांची ही एकरूपता पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावी लागते, कारण नियम इमारतीसाठी लिहिले जातात आणि पसरा बहुतेक वेळा कोणाच्या तरी घराची पुढची खोली असतो.

अशा दुकान नसलेल्या वस्तीसाठी इंग्रजी ‘फूड डेझर्ट’वरून मराठीत ‘अन्नवाळवंट’ असा शब्द आला. मूळ शब्दप्रयोग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधला. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याला मोजमाप दिले: वस्ती कमी उत्पन्नाची, आणि मोठे किराणा दुकान शहरात एक मैलाच्या, ग्रामीण भागात दहा मैलांच्या पलीकडे. हे माप गोव्याला लावले तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी.; सोळा किलोमीटरांचे वर्तुळ कुठेही काढा, त्यात एखादे बाजाराचे गाव बहुधा येतेच. इथे अंतर नकाशावर मोजून भागत नाही. बाजाराला जाणारी बस किती वाजता, परतीची किती वाजता, आणि जुलैच्या पावसात पिशव्या घेऊन रस्त्यापासून घरापर्यंत किती चढायचे, हे गोव्यातले खरे माप.

जमीन-वापराच्या नियमांतून दुकान आणण्याचे सर्वांत चर्चेतले उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. २००९ मध्ये तिथल्या महापालिकेने ‘फ्रेश’ ही योजना आणली. ताज्या मालाला ठराविक जागा देणारे किराणा दुकान इमारतीत काढले, की विकासकाला वरच्या मजल्यांसाठी जास्तीचे चटई क्षेत्र मिळते, आणि वाहनतळाची अटही सैल होते. या योजनेला आरंभी किमान ६,००० चौरस फुटांचे दुकान लागे. म्हणजे ‘छोटे’ हा शब्द तिथे वेगळ्या अर्थाने घ्यावा लागतो. आपल्याकडचे पन्नास पसरे त्यात सहज बसतील. ओक्लाहोमातील टल्सा शहराने २०१८ मध्ये उलट्या बाजूने सुरुवात केली. स्वस्त पॅकबंद माल विकणारी साखळी दुकाने एकमेकांपासून किमान एक मैल दूर असावीत, असा नियम शहराच्या उत्तर भागासाठी केला, म्हणजे ताजा माल विकणाऱ्याला जागा उरेल. मिनियापोलिसने झोनचा रस्ता न धरता परवान्याचा धरला: २००८ पासून तिथे किराणा परवाना हवा असेल तर फळे, भाजी, दूध, धान्य असे मूलभूत पदार्थ ठेवावेच लागतात.

आपल्याला जवळचे उदाहरण मात्र दिल्लीचे. २००७ मध्ये अमलात आलेल्या दिल्लीच्या महायोजनेत निवासी इमारतीच्या तळमजल्यावर २० चौ. मी. पर्यंतच्या छोट्या दुकानांना मुभा दिली आहे. भाजी-फळे, दूध, बेकरी, किराणा या गोष्टी त्या यादीत नावानिशी आहेत. जमिनीचा झोन बदलावा लागत नाही, घर घरच राहते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेतही सुमारे ५,००० लोकवस्तीमागे नित्योपयोगी दुकानांचे एक केंद्र धरले आहे. गोव्यातील कित्येक पंचायतींची सगळी लोकसंख्या मिळून तेवढी भरत नाही, आणि ती दहा-बारा वाड्यांत विखुरलेली असते. त्यामुळे केंद्र गावात, आणि वाडा तसाच कोरडा, असे सहज होऊ शकते.

गोव्यात ही उणीव तीन ठिकाणी, तीन वेगळ्या कारणांनी दिसते.

पहिले ठिकाण सह्याद्रीच्या पायथ्याचे आणि घाटमाथ्याचे. सत्तरीतील सुर्ला, सांगे तालुक्यात नेत्रावळी अभयारण्यातील वेर्ले, तुडव, साळजिणी, काणकोणात खोतीगावचे वाडे. इथे घरे थोडी, जंगल भोवती, आणि जमिनीच्या मालकीचा प्रश्न जुना. सत्तरीत अल्वारा आणि मोकासो (जुन्या राजवटींत सनदेने दिलेल्या) जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांच्या हाती साधा मालकीचा कागद नसतो. कागद नाही म्हणजे बांधकामाचा परवाना नाही, आणि दुकानाचा परवाना मागताना पहिला प्रश्न घराच्या कागदाचाच येतो. अशा गावांची खरेदी अजूनही आठवड्याच्या बाजारावर चालते: सोमवारी साखळी, मंगळवारी वाळपई, बुधवारी डिचोली, शुक्रवारी म्हापसा. मे महिन्यात पुरुमेंताची बेगमी करण्याची चाल याच गरजेतून आली. सुके मासे, आमसुले, मिरच्या, कुळीथ, फणसाचे पापड घरात भरून ठेवले की पावसाचे चार महिने निभावतात. पण बेगमीत पालेभाजी बसत नाही, दूधही बसत नाही.

दुसरे ठिकाण नव्या वसाहतींचे. डोंगरउतारावर किंवा जुन्या बागायतीत भूखंड पाडले जातात, बंगले आणि सदनिका उभ्या राहतात. आराखड्यात रस्ता असतो, मोकळी जागा असते, पसऱ्याची जागा नसते. गाडी असलेल्याला हे जाणवत नाही. त्याच्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला जाणवते, कारण घरी परतताना वाटेत भाजी घ्यावी म्हटले तर एकही दुकान लागत नाही.

तिसरे ठिकाण किनारपट्टीचे, आणि इथे गोष्ट अगदी उलटी आहे. व्यापारी वापराला परवानगी भरपूर आहे, पण गाळ्याचे भाडे पर्यटकांच्या खिशावरून ठरते. ज्या गाळ्यात कांदे-बटाट्यांची पोती असत तिथे दारूचे दुकान, स्कूटरी भाड्याने देणारा किंवा कपड्यांचे दुकान येते. नियमाने इथे पसऱ्याची वाट अडवलेली नाही. त्याला वाचवणाराही नियम नाही, एवढेच.

कायद्याची चौकट अशी. जमिनीचा वापर ठरतो तो १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखालील प्रादेशिक आराखड्यात आणि शहरी भागांपुरता रूपरेषा विकास आराखड्यात (ओडीपी). काय बांधता येईल ते २०१० चे भूविकास व इमारत बांधकाम विनियम सांगतात. वसाहत विभागात, म्हणजे लोक ज्याला ‘सेटलमेंट झोन’ म्हणतात तिथे, किरकोळ दुकानाला बंदी नाही. अडचण त्या रेषेच्या बाहेर सुरू होते. रेषेबाहेरच्या जमिनीला १९६८ च्या महसूल संहितेप्रमाणे रूपांतराची सनद लागते. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर १९९१ चा जमीन-वापर कायदा शेतीशिवाय दुसरा वापर होऊच देत नाही. मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याचे, घर असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला राहण्याचे संरक्षण आहे, घराभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्कही आहे, ग्रामीण भागात ३०० चौ. मी. पर्यंत. पण हे सगळे राहत्या घरापुरते. त्याच घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढायचे म्हटले की भाटकाराची हरकत, घरपट्टीचा बदल, विजेच्या व्यापारी दराचे मीटर, अन्नसुरक्षा नोंदणी आणि तराजूची तपासणी असे एकेक पाऊल पुढे येते. यातले एकही पाऊल गैर नाही. पण दिवसाकाठी हजार-दीड हजारांची विक्री असणाऱ्याला ती सगळी मिळून झेपत नाहीत, आणि मग पसरा एक तर परवान्याविना चालतो किंवा निघतच नाही.

झोन सैल करा, असे गोव्यात सहज म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा जनआंदोलनापुढे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कार्यदलाने २०२१ सालापर्यंतचा आराखडा आखला, आणि त्यात ग्रामसभांच्या सूचनांना स्थान दिले गेले. पुढे नियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९-अ ही कलमे आली. तुकड्यातुकड्याने झोन बदलण्याची वाट त्यांतून खुली झाली, आणि शेते, डोंगर, बागायती वसाहतीत जाऊ लागल्या म्हणून गावोगाव विरोध उठला. १७(२) खालील नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये रद्द केले. ‘पसऱ्यासाठी रूपांतर’ अशी वाट उद्या काढली, तर तिच्यातून आधी पसरकार जाणार नाही, जमिनीचा दलाल जाईल. म्हणून गोव्यासाठी योग्य तरतूद जमिनीला हात न लावणारी हवी: आधीपासून उभ्या असलेल्या राहत्या घरात, तळमजल्यावर, ठरलेल्या क्षेत्रफळापर्यंत, राहणाऱ्या कुटुंबानेच चालवलेला पसरा हा घराच्याच वापराचा भाग मानावा. मुंडकाराच्या घरालाही तेच लागू व्हावे. दारू आणि तंबाखू त्यात नको. नव्या भूखंड-आराखड्याला मंजुरी देताना मात्र खुल्या जागेसारखीच एका पसऱ्याची जागा मागून घ्यावी, आणि किनाऱ्यावर ती जागा दुसऱ्या धंद्याला देता येणार नाही अशी अट असावी.

परवानगी मिळाली की भाजी आपोआप येते असे नाही. वाड्यावरच्या पसऱ्यात पाहिले तर फळीवर बिस्किटांच्या बरण्या, साबण, अगरबत्ती, खोबरेल, खाली उकड्या तांदळाचे पोते, बाजूला कांदे, बटाटे, लसूण. टोमॅटो एका टोपलीत, त्यातले दोन-तीन दबलेले. तांबडी भाजी असली तर सकाळी दोन-चार जुड्या, पाणी शिंपडून गोणपाटाखाली. त्या दुपारपर्यंत गेल्या नाहीत तर पसरकार रात्री स्वतःच्याच घरी शिजवतो, आणि दुसऱ्या दिवशी आणत नाही. फ्रिज हवा तर वीज व्यापारी दराची. शिवाय गोव्यातली बरीच भाजी बेळगावहून येते. मोठ्या गावांत ती फलोत्पादन महामंडळाच्या विक्रीकेंद्रांवर सवलतीत मिळते. तोच सवलतीचा माल वाड्यावरच्या पसऱ्याला दिला आणि फ्रिजपुरता घरगुती वीजदर ठेवला, तर झोनच्या नियमाला अर्थ येईल. अमेरिकेतील २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासातही गरीब आणि श्रीमंत वस्त्यांच्या आहारातील तफावतीचा जेमतेम दहावा भाग दुकानांच्या उपलब्धतेशी जोडता आला. उरलेल्याची कारणे बहुतांशी मागणीच्या बाजूला सापडली.

पसऱ्याशिवायची जुनी व्यवस्था गोव्यात अजून जिवंत आहे. पहाटे भोंगा वाजवत येणारा पोदेर (पाववाला), दुचाकीवर मासळीची पेटी बांधून फिरणारा विक्रेता, आणि श्रावणात रस्त्याच्या कडेला केळीच्या पानावर तायकिळा, अळू, काकड्या मांडून बसलेल्या बायका. त्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचे संरक्षण आहे, पण विक्रीची जागा नेमून देण्याचे काम नगरपालिकांच्या बाजारांभोवती घुटमळते. वाड्याच्या फाट्यावर, वडाखाली बसणाऱ्या बाईची जागा कोणत्याही आराखड्यात दाखवलेली नसते. रस्ता रुंद झाला की पहिली तीच उठते.