रस्त्याकडेच्या काळ्या मातीतलं तांबं: खडकाचं की ब्रेकचं?

समजा, जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळून महामार्गाच्या कडेची मूठभर माती उचलून प्रयोगशाळेत दिली आणि अहवाल आला: दर किलोत १२० मिलिग्रॅम तांबं. संदर्भाच्या तक्त्यात पृथ्वीच्या वरच्या कवचातलं तांब्याचं सरासरी प्रमाण आहे सुमारे २८ मिलिग्रॅम. म्हणजे चौपटीहून जास्त. वाहनांनी माती विषारी केली, असा निष्कर्ष काढायला कोणालाही मोह होईल. तो बहुधा चुकेल.

खानदेशची काळी माती दख्खनच्या बेसाल्टची लेक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या त्या लाव्ह्यातच तांबं दर किलोला शंभर-दोनशे मिलिग्रॅम असतं. क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियमही भरपूर. चौफुलीपासून कोसभर आत, जिथे बैलगाडीशिवाय काही गेलेलं नाही अशा रानातही तांबं शंभरच्या पुढे निघू शकतं. त्यामुळे इथे ‘धातू किती?’ या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. तो धातू कोणाच्या सोबतीने आला आहे, हे पाहावं लागतं.

ब्रेक लायनरमध्ये तांब्याबरोबर अँटिमनी आणि बेरियम ही मूलद्रव्यं असतात. अँटिमनीचं सल्फाइड घर्षण सारखं राहावं म्हणून घालतात, बेरियमचा बॅराइट भर म्हणून. ब्रेक दाबला की या सगळ्याची बारीक भुकटी एकत्रच उडते. बेसाल्टमध्ये मात्र तांबं मुबलक असलं तरी अँटिमनी जवळजवळ नसतं, दर किलोला एक मिलिग्रॅमचा काही भाग एवढंच. म्हणून रस्त्याजवळ तांब्याबरोबर अँटिमनीही चढत असेल तर बोट ब्रेककडे जातं. तांबं चढलं आणि अँटिमनी जागेवरच राहिलं तर खडकाकडे. सिग्नलजवळ, उतारावर, गतिरोधकाआधी, जिथे वाहनं पुन्हापुन्हा थांबतात, तिथेच हा चढ ठळक दिसायला हवा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर तो कमी असायला हवा. हा फरक तपासल्याशिवाय मी तरी कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवणार नाही.

टायरची खूण जस्ताची. रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड घालतात, आणि टायरच्या बाहेरच्या थरात जस्त साधारण एक टक्का भरतं. पण जस्त ही एकट्याने पुरणारी साक्ष नव्हे. महामार्गाचे कठडे जस्ताचा मुलामा दिलेले, टपऱ्यांचे पत्रेही तसेच, आणि पावसाचं पाणी दोन्हींवरून ओघळून मातीतच उतरतं. म्हणून टायरच्या रबरातली बेंझोथायाझोलसारखी सेंद्रिय रसायनंही सोबत शोधतात.

शिशाची गोष्ट सगळ्यात विलक्षण आहे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये शिसेयुक्त पेट्रोल थांबवलं. पण मातीत पडलेलं शिसं कुजत नाही, उडून जात नाही. आपल्या चुनखडीच्या, अल्कधर्मी काळ्या मातीत तर ते चिकणमातीला धरून बसतं. धुळ्याला, जिथे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग एकमेकांना छेदतात, तिथल्या जुन्या न उकरलेल्या कडेला चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या मोटारींचं शिसं आजही असायला हवं.

ते पेट्रोलचंच, हे कसं ठरवायचं? शिशाचे चार स्थिर समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आहेत: २०४, २०६, २०७ आणि २०८. त्यांतले २०६ आणि २०७ युरेनियमच्या क्षयातून, २०८ थोरियमच्या क्षयातून वाढत जातात. २०४ मात्र पृथ्वीबरोबर आला तेवढाच. शिशाचं खनिज तयार होताना ते युरेनियमपासून वेगळं पडतं आणि त्या क्षणी हे प्रमाण गोठतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या प्राचीन खनिजात २०६ आणि २०७ यांचं गुणोत्तर सुमारे १.०४, तर अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्याच्या खनिजात १.३ च्या आसपास. इंजिनात जळो, पावसात भिजो, मुळांतून वर चढो, हे गुणोत्तर व्यवहारात बदलत नाही. याच मोजणीतून अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनने १९५६ साली पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं दाखवलं, आणि मोजताना सगळीकडे घुसलेलं शिसं पाहून पुढे तो पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध उभा राहिला. मला हा विज्ञानाच्या इतिहासातला फार मोठा प्रसंग वाटतो. अडचण एवढीच की स्रोत दोन असतील तर गणित सरळ सुटतं. तीन-चार असले की एकच गुणोत्तर अनेक मिश्रणांतून येऊ शकतं. आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या, रंग, पीव्हीसी पाइपमध्ये वापरली गेलेली शिशाची संयुगं असे उमेदवार भरपूर आहेत.

युरोपात रस्त्याकडेचं प्रदूषण शोधायला एक स्वस्त युक्ती वापरतात: मातीची चुंबकीयता. इंधन जळताना आणि ब्रेक घासताना लोहाचे चुंबकीय कण सुटतात, आणि चुनखडकाच्या फिकट मातीत ते लगेच जाणवतात. खानदेशात ही युक्ती सहज फसते, कारण बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज खच्चून भरलेलं आहे. कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून भट्टीतले गोल आणि खडकातले कोनदार असे वेगळे करता येतात. पण भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या राखेतही गोल कण असतात. वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय त्यांचा हिशेब लागत नाही.

नमुना कुठून घ्यायचा हा प्रश्नही इथे वेगळा आहे. नेहमीची रीत अशी: वरची पाच सेंटिमीटर माती वाहनांनी मळलेली, खालची मूळची, दोन्हींची तुलना करा. पण काळी माती वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते, वरचा भुगा त्या भेगांत पडतो, आणि पावसाने फुगून माती पुन्हा मिटते. वरचं खाली गेलेलं असतं. त्यात चौपदरीकरणात कडेला टाकलेला मुरूम तर त्या जागेचा नसतोच, खदानीतून आलेला असतो. त्यामुळे खोलीपेक्षा अंतराची तुलना इथे जास्त भरवशाची: रस्त्याला काटकोनात एक रेघ धरून कडेपासून पाच, दहा, पंचवीस, शंभर मीटरवर नमुने, आणि रेघेच्या टोकाला त्याच जातीच्या मातीचा, रहदारीपासून दूरचा संदर्भ नमुना. वाहनांतून आलेले धातू पहिल्या काही मीटरांतच जास्त साचतात आणि मग झपाट्याने उतरतात. खडकाचे धातू असे उतरत नाहीत.

हा संदर्भ नमुना जगाच्या सरासरीचा नको, तापीकाठच्या गाळाचा, धुळ्याच्या पठाराचा, सातपुड्याच्या पायथ्याचा असा वेगवेगळा हवा. जिथे बाह्यवळण रस्त्यांची कामं चालू असतील, तिथे तो सहज मिळतो: भर पडण्याआधी, पहिला ट्रक जाण्याआधी, शेताच्या बांधावरून. एकदा वाहतूक सुरू झाली की त्या जागेची मूळ माती पुन्हा मोजता येणार नाही.